धुरपताबाईचा फोटो

सोयाबीन कापायला माणसं मिळंनात म्हणजे काय, हे ज्याच्या रानात शेंगा तडकायला लागल्यात त्यालाच विचारावं. बिलोलीकडच्या त्या रानात शुक्रवारी सकाळपासून तिघंच वाकलेली होती. अयोध्याबाई, तिचा लेक रामकिशन आणि शेजारच्या गावाहून मदतीला आलेला तिचा धाकटा भाऊ व्यंकट. अयोध्याबाईनं साठी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, पण विळा हातात आला की बाई कुणाच्या बापाला ऐकायची नाही. दोघा बाप्यांना मागं टाकून बांधाला जाऊन उभी राहायची आणि वर तिथून सुनवायची.

"या, या, सावकाश या. शेंगा मोकळ्या झाल्या की नुसती काडं कापू."

"अक्का, जरा दम घे की," व्यंकट कमरेवर हात ठेवून कण्हला. "तुझ्यापायी आमची इज्जत जायली."

"हाय का अजून शिल्लक?"

दुपारी सृष्टी आली. ही रामकिशनची थोरली पोरगी, नांदेडला कॉलेजात शिकणारी. बसमधून उतरून ती घरी गेलीच नाही, पाठीवरच्या बॅगेसकट थेट रानात आली. तिनं मोबाइल काढला.

"आज्जी, विळा ठेव. तुला एक दाखवायचंय."

"ठेवला की शेंगा तडकतेत. तसंच दाखव."

"आज्जी!"

पोरीचा आवाज ऐकून अयोध्याबाईनं विळा ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बघितलं. काळापांढरा फोटो होता. उन्हात दगडांचा ढीग, पुढं एक पोरगी बसलेली. अंगावर बायकांचं नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू. मांडीवर उघडंनागडं लेकरू, उजव्या हातात हातोडी, डाव्या हाताच्या बोटाला चिंधी. पोरगी समोर अशी बघत होती की बघणाऱ्यानं नजर खाली घालावी.

"आमच्या कॉलेजात प्रदर्शन लागलंय," सृष्टी सांगायला लागली. "बालमजुरीचा इतिहास. चार दिवस मी ह्या फोटोपुढून जायली. काल एकदम थांबले. म्हणलं, आपली आज्जी रागावल्यावर अश्शीच बघते."

अयोध्याबाईनं डाव्या हाताचं पहिलं बोट मोबाइलशेजारी धरलं. त्या बोटाचं टोक नव्हतं. कधीपासून नव्हतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी कधी त्यावर बोलायचं नाही.

"मीच हाय की गं," ती हळूच म्हणाली. "बया बया. दुष्काळाच्या कामावरची मी."

"मग मांडीवरचं लेकरू कुणाचं?"

"ते काय, मिशीला पीळ देऊन उभं हाय."

व्यंकटनं मोबाइल हिसकावून घेतला आणि बघितला. बावन्न-त्रेपन्न वर्षांचा बाप्या कानापर्यंत लाल झाला. "हे असं? अंगावर करदोटा सोडून कायच न्हाई! आन हे कॉलेजातल्या पोरी बघायलेत?"

"लई गर्दी हाय आबा," सृष्टी म्हणाली. मग ती थोडी घुटमळली. "आज्जी, खाली लिहिलंय ते वाचू का? रागावू नको. 'बालमाता. दुष्काळी काम, १९७२.'"

"म्हंजे?"

"म्हंजे लहानपणीच आई झालेली."

अयोध्याबाईनं आधी कानावर हात ठेवला, मग कमरेवर. "नवव्या वर्साला? कोण म्हणतंय? नाव सांग त्याचं! भाऊ हाय म्हणावं तो मपला, पाठचा भाऊ!" तोवर व्यंकटनं पुढं येऊन दोन्ही हात जोडले आणि वाकला. "आई, आशीर्वाद दे." तिनं सोयाबीनची पेंढीच त्याच्या पाठीत घातली. रामकिशन हसून हसून खाली बसला. तीही हसली. पण पुन्हा मोबाइलकडं वळली तेव्हा तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"माय कुठं हाय?" ती म्हणाली. "माय हितंच हुती. माझ्या उजव्या अंगाला, हातभर लांब. मी हातोडी मारली की तिच्या अंगावर कपची उडायची." तिनं काचेवर अंगठा ठेवला आणि फोटो बाजूला सरकवला, डावीकडचं रान दिसावं म्हणून. फोटो सरकला आणि सृष्टीच्या मैत्रिणी आईस्क्रीम खाताना दिसायला लागल्या. अयोध्याबाईनं पुन्हा सरकवला, पुन्हा तेच.

"आज्जी, तेवढाच फोटो हाय गं. पुढं काही न्हाई."

"न्हाई कसं? माय तिथंच बसलेली हुती, मी सांगते ना."

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. ह्या बहीणभावाला आईचा फोटो नव्हता. धुरपताबाई ह्या फोटोनंतर दोन वर्षांनी काविळीनं गेली तेव्हा अयोध्या अकरा वर्षांची होती आणि व्यंकट तीनचा. भिंतीवर बापाचा फोटो होता, तो मतदानाच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. आईचं काहीच नाही. दहा वर्षांमागं व्यंकटनं बिलोलीच्या एका स्टुडिओत जाऊन सांगितलं, आमच्या मायचा फोटो बनवून द्या. त्या पोरानं विचारलं, कुणासारखी दिसायची? व्यंकट म्हणाला, लोक म्हणतेत अक्कासारखी. झालं. पोरानं अयोध्याबाईचाच फोटो घेतला, पिकलेले केस काळे केले, हिरवं लुगडं नेसवलं आणि चौकट करून दिली. व्यंकटनं दिवाणखान्यात लावून वर चंदनाचा हार घातला. भाऊबीजेला गेलेली अयोध्याबाई ते बघून दारातच किंचाळली, "मेल्या, जित्या माणसाला हार घातलास!" सगळं गाव महिनाभर हसलं. पण व्यंकटनं तो फोटो काढला नाही. दुसरा होता कुठं?

सृष्टी हुशार. प्रदर्शनाच्या कागदावर फोटो काढणाऱ्याचं नाव आणि नंबर होता, तिनं तिथंच बांधावर बसून फोन लावला. शिवप्रसाद म्हणून गृहस्थ, नांदेडलाच राहणारे, ऐंशीच्या घरातले. दोन मिनिटं बोलणं झालं.

"त्यांच्याकडं मूळची फिल्म हाय," तिनं सांगितलं. "म्हणाले, फोटो छापताना बाजूचं कापलेलं हाय, फिल्ममध्ये पूर्ण दिसंल. पण ऐतवारी दुपारी पुण्याची एक संस्था सगळ्या फिल्म घेऊन जायली. बघायचं तर त्याच्या आधी या, म्हणाले."

"परवा," अयोध्याबाई म्हणाली.

"परवा?" रामकिशन उठून उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याचं अर्धं रान कापून भुईवर पसरलेलं होतं. "माय, उद्या-परवा पाऊस म्हणायलेत. हे भिजलं तर वर्साचं पीक कुजून जाईल. आन तू फोटो बघायला नांदेडला?"

"उद्या सांजपर्यंत कापलेलं सगळं एका जागी रचून, बनीम लावून झाकून देते. मग तर जाऊ देशील?"

"चौघांनी? एवढं?"

"तू नुसतं बघत उभा ऱ्हा."

शनिवारी दिवस उगवायच्या आधीच चौघं रानात होती. सृष्टीनंही ओढणी कमरेला बांधली. पसरलेलं सोयाबीन कवळ्यानं उचलायचं, डोक्यावरून मधल्या उंचवट्यावर आणायचं, शेंगा आत आणि बुडखे बाहेर असे थर देत बनीम रचायची. वाळलेल्या शेंगांची टोकं अंगात घुसतात. दहा वाजेपर्यंत सृष्टीच्या हातावर ओरखड्यांची जाळी झाली. व्यंकट बनिमीवर चढून थर दाबत होता आणि अयोध्याबाई खालून कवळे देत होती. मधेच पाठ सरळ करून ती दक्षिणेकडं बघायची. ढग तिकडून चढत होते.

"तुला कामावर कशी गं घेतली?" सृष्टीनं विचारलं. "नऊ वर्षांची पोर?"

"पोरं घेत नव्हते. हजेरीला मोठी बाईच लागायची." अयोध्याबाईनं कवळा वर फेकला. "म्हणून मायनं मला लुगडं नेसवलं, हे एवढं कुंकू लावलं. म्हणली, कारकून काय विचारला तर मान खाली घालायची, लाजल्यावानी. आमच्या रांगेत तसल्या सात-आठ बाया हुत्या. खेळातल्या भावल्या मेल्या. कारकुनाला काय दिसत नव्हतं व्हय? पण त्यानंबी लिहून घेतलं. पोटाला मिलोची, त्या परदेशी ज्वारीची लाल भाकर, दुपारी सरकारी सुकडीचं पीठ. आन दिवसभर खडी."

"आणि शाळा?"

"तिसरीत हुते. गुरुजी म्हणायचे, पोरगी पुढं जाईल. मायनं पाटी घेतली न् हातोडी दिली." ती थांबली. "बोट ठेचलं तवा तिनं पदर फाडून बांधलं. मला वाटलं, उद्या घरी ठेवंल. दुसऱ्या दिवशी फटफटलं की पुन्हा लुगडं नेसवलं. लई राग यायचा मला तिचा, सृष्टे. मेली तवाबी राग गेला नव्हता माझा. आता वाटतं, तोंडापुढं बसवून विचारावं तिला. तर तोंडच आठवत न्हाई. हात आठवतेत, दगडाच्या भुकटीनं पांढरे झालेले. ओरडणं आठवतं. तोंडाच्या जागी कायच येत न्हाई गं."

वर बनिमीवर व्यंकट खाली न बघता थर दाबत राहिला. त्याला तर हातही आठवत नव्हते.

दिवस मावळायच्या आत शेवटचा कवळा चढला. वारं सुटलं होतं. ताडपत्री दोनदा उडाली, तिसऱ्यांदा चौघांनी चार कोपऱ्यांवर अंग टाकून ती दाबली आणि कडेनं दगड रचले. अयोध्याबाई तिथंच भुईवर बसली, तिला उठवेना. रामकिशननं तिच्यापुढं पाण्याची कळशी धरली, मग तिच्या हातातले काटे काढत बसला.

"सकाळच्या पहिल्या गाडीनं जा," तो म्हणाला. "हितलं मी न् मामा बघतो."

रविवारी नऊच्या सुमारास आजी-नात शिवप्रसादांच्या घरी पोहोचल्या. पोराच्या घरात वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. सडपातळ म्हातारा, हात थरथरणारे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. खोलीभर बिस्किटांचे पत्र्याचे डबे, डब्यांत कागदाच्या पाकिटांत फिल्म. अयोध्याबाई दारात दिसली तसे ते उठून उभे राहिले आणि तिच्याकडं बघतच राहिले.

"त्याच त्या," ते म्हणाले. "बसा बाई. तुम्हाला शोधायला मी त्या काळी दोनदा गेलो होतो. काम संपून माणसं पांगली होती."

"बसते भाऊ, आधी एक सांगा. मला बालमाता कुणी केलं?"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. सृष्टीनं फोनवर त्यांना सांगितलेलं होतं. "मीच. लुगडं, कुंकू, मांडीवर लेकरू. बघितलं आणि लिहून टाकलं. विचारायला काय लागत होतं? एक शब्द. तो नाही विचारला, आणि पन्नास वर्षं ते तसंच छापून येतंय. माफी मागतो बाई."

अयोध्याबाईच्या मनात बसमध्ये बरंच काही तयार होतं, ते तिथंच राहिलं. "जाऊ द्या," ती म्हणाली. "त्या लुगड्यानं सरकारला फसवलं, तिथं तुमचं काय." मग ती पुढं सरकून बसली. "माय दाखवा मला."

शिवप्रसादांनी एका डब्यातून पाकीट काढलं. आतली फिल्म तळहाताच्या निम्म्यानं होती. त्यांनी ती कडेनं धरून खिडकीच्या उजेडापुढं नेली. अयोध्याबाई उठली, चष्मा पुसला, जवळ गेली. सगळं उलटं होतं. आभाळ काळं, सावल्या पांढऱ्या, मांडीवरच्या व्यंकटचे केस पांढरे. आणि डाव्या अंगाला, दगडांच्या ढिगाआड, एक बाई. केस पांढरे, तोंड काळपट आणि ओठांच्या मधे काळेकुट्ट दात.

अयोध्याबाई मागं सरली. "ही न्हाई. ही म्हातारी हाय कुणीतरी. आन दात बघा की काळे. माय मिशरी लावत नव्हती."

"फिल्ममध्ये उलटं दिसतं बाई. काळं ते पांढरं. दात काळे दिसतात म्हणजे पांढरेशुभ्र दात आहेत."

"पण दात दिसतेत कामून?"

शिवप्रसाद खिडकीबाहेर बघत बोलले. "हसतायत म्हणून."

सृष्टीनं उजेडापुढच्या फिल्मचा फोटो काढला आणि मोबाइलवर काहीतरी दाबलं. रंग पालटले. तिनं बोटांनी डावी बाजू मोठी केली आणि आजीच्या हातात दिली.

बाई हसत होती. तोंडाला पदर लावायचं भान नाही, मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले, सगळी बत्तीशी उन्हात. एका हातात हातोडी तशीच. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली, आणि हसत होती. अयोध्याबाई बघत राहिली.

"मग कापली का हिला?" तिनं विचारलं.

"कारण हसत होती." म्हाताऱ्यानं काही लपवलं नाही. "तुमच्या डोळ्यांत मला अख्खा दुष्काळ दिसला. आणि शेजारी ही बाई हसतेय. असा फोटो नेला असता तर पेपरवाले म्हणाले असते, दुष्काळ आहे की जत्रा? मी छापताना डावी बाजू सोडून दिली. तुमच्या त्या डोळ्यांपुढं मी कितीदा उभा राहिलो असेन. काय सोसलं असेल ह्या पोरीनं, म्हणून."

अयोध्याबाईनं मोबाइल आणखी जवळ घेतला. त्या चिडक्या पोरीला बघितलं, मग आईला, पुन्हा पोरीला. पोरीच्या कमरेपाशी लुगड्याचा घोळ सुटून भुईवर पडला होता. आणि पन्नास वर्षं बंद असलेलं काहीतरी एकदम उघडलं.

"अगं बया," ती म्हणाली. "लुगडं सुटलं हुतं माझं! तुम्ही आलाव, कारकून म्हणला नीट बसा, फोटो हाय. मी मोठ्या बाईवानी उठून पदर घेतला, तर खालून सगळं लुगडं सुटलं न् मी पडले व्यंकटला घेऊन. आन ही हसली! समद्या बायांपुढं हसली मला. आवरून बसले तरी हिचं हसू थांबंना. दुष्काळ कसला भाऊ, रुसले हुते मी!"

सृष्टी हसायला लागली. शिवप्रसादही, आधी नाइलाजानं आणि मग खरोखर. अयोध्याबाईच्या मात्र डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"किती वर्साची असंल गं ही?" तिनं नातीला विचारलं. "ही तर पंचविशीचीबी न्हाई. पोरगीच हाय. मी हिच्यावर एवढा राग धरला."

शिवप्रसादांनी कागद-पेन काढलं. सबंध फोटो छापायला देतो म्हणाले, प्रदर्शनातला बदलू, पुण्याच्या लोकांनाही सांगू. खाली काय लिहायचं ते तुम्ही सांगा.

"लिहा. अयोध्या, वय नऊ. तिचा भाऊ व्यंकट. तिची माय धुरपताबाई." मग तिनं टोक नसलेलं बोट त्यांच्यापुढं धरलं. "आन नऊ वर्साची पोर खडी फोडायली हे मोठ्या अक्षरात लिहा. माय हसली म्हणून हे बोट काय उगवून येत न्हाई. दोन्ही खरं हाय. दोन्ही लिहा."

त्यांनी दोन्ही लिहिलं.

परतीच्या गाडीत पावसाची एक सर लागली. रानात पोहोचल्या तेव्हा दिवस मावळतीला होता, ताडपत्रीवरून पाणी ओघळत होतं आणि बनीम आत कोरडी होती. रामकिशन जनावरांकडं गेला होता. व्यंकट पोतं पांघरून बनिमीला टेकून बसला होता. बहिणीला येताना बघून तो उठला नाही. त्याला भीती वाटत असावी.

"हाय?" त्यानं विचारलं.

अयोध्याबाई त्याच्याशेजारी ओल्या भुईवर बसली आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. व्यंकटनं बघितलं. बराच वेळ बघितलं. अंगठा काचेला लागून चित्र हलू नये म्हणून त्यानं तो कडेनं धरला होता.

"लई ल्हान हाय गं ही," तो म्हणाला. "आपल्या सृष्टीएवढी."

"हाव."

"हसायली."

"मला हसायली. लुगडं सुटलं हुतं माझं." तिनं सगळं सांगितलं, पडली कशी, व्यंकट रडला कसा. तो ऐकत होता, नजर मोबाइलवरून न हलवता.

"अक्का," तो म्हणाला. "आवाज कसा हुता हिच्या हसण्याचा?"

कसा सांगायचा? अयोध्याबाईनं मान मागं टाकली, डोळे मिटले आणि हसून बघितलं. "न्हाई, असा न्हाई," ती म्हणाली. पुन्हा हसली. ते नुसतं खोकल्यासारखं झालं. तिला स्वतःचीच गंमत वाटली, भिजलेल्या रानात बसून साठीतली बाई हसण्याची तालीम करायली, आणि त्या गमतीनं तिला खरंच हसू फुटलं. छातीतून आलं, मोठ्यानं, मधे मधे श्वास अडकत, थांबवलं तरी थांबंना असं. ती हसता हसता एकदम दचकली. तिनं भावाचं मनगट धरलं.

"हा," ती म्हणाली. "हा बराबर. हाच, व्यंकट. अस्साच."

व्यंकटनं मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"अजून एकदा," तो म्हणाला.